शाळेची घंटा आणि साथीची चाल

जूनच्या मध्यास शाळा उघडतात आणि साधारण त्याच पंधरवड्यात पाऊस स्थिरावतो. कल्याणच्या पुढे, कसाऱ्याच्या मार्गावर शहाड आणि टिटवाळा यांच्या मध्ये असलेल्या आंबिवलीत हे दोन्ही एकदमच जाणवते. मोहने, अटाळी, वडवलीकडून येणाऱ्या रस्त्यांवर छत्र्या आणि दप्तरे दिसू लागतात, रिक्षांत मुले दाटीने बसतात, आणि जुलै उजाडतो तोच दवाखान्याच्या बाकावर त्यांतलीच काही मुले आईच्या मांडीवर डोके टेकून नंबराची वाट पाहत असतात. ‘शाळा सुरू झाली की आजारपण सुरू’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. त्यात तथ्य किती, याचा शोध घेण्याजोगा आहे. कारण मार्च २०२० मध्ये साऱ्या महाराष्ट्राने याच वाक्यावर विसंबून शाळांना कुलूप लावले आणि ते पुरते निघावयास जवळपास दोन वर्षे गेली.

वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे, हे प्रथम मान्य करावयास हवे. गोवराचे उदाहरण यात सर्वांत जुने आणि सर्वांत स्वच्छ. इंग्लंड आणि वेल्समध्ये गोवराची लस येण्यापूर्वीच्या काळात प्रत्येक आठवड्याला किती रुग्ण नोंदले गेले याची आकडेवारी उपलब्ध आहे. पॉल फाइन आणि जॅकलिन क्लार्कसन या संशोधकांनी १९८२ मध्ये ती तपासली, तेव्हा एक गोष्ट ठळकपणे पुढे आली : एका मुलापासून दुसऱ्याला आजार लागण्याचा वेग उन्हाळी सुट्टीत घसरे आणि सप्टेंबरात शाळा उघडताच चढे. हवामान, आहार, घरची गरिबी यांपैकी कशानेही हा चढउतार इतक्या नेमकेपणाने उलगडत नव्हता. शाळेचे वेळापत्रक मात्र त्याच्याशी जुळत होते. गोवर हा इतका चपळ आजार आहे, की कोणासच प्रतिकारशक्ती नसेल तर एका रुग्णापासून १२ ते १८ जणांना तो होऊ शकतो. आणि एकाच वयाची, आजार न झालेली मुले एका छताखाली रोज पाच-सहा तास बसवण्याची व्यवस्था शाळेखेरीज दुसरीकडे कोठे आढळते?

तापसर्दीच्या साथींचेही असेच. इस्रायलमध्ये जानेवारी २००० मध्ये प्राथमिक शिक्षकांचा संप झाला. ऐन थंडीत, ऐन फ्लूच्या हंगामात शाळा सुमारे दोन आठवडे बंद राहिल्या. त्या काळात ६ ते १२ वर्षांच्या मुलांत श्वसनविकारांचे निदान सुमारे ४२ टक्क्यांनी उतरले आणि संप मिटल्यावर पुन्हा चढले. फ्रान्समधील दीर्घकाळच्या नोंदींवरून २००८ मध्ये निघालेला निष्कर्ष अधिक बारकाईने वाचण्यासारखा आहे. शाळेच्या सुट्ट्यांत मुलांना फ्लू लागण्याचा वेग २० ते २९ टक्क्यांनी कमी होतो; परंतु मोठ्या माणसांच्या आपसांतील संसर्गावर सुट्टीचा परिणाम दिसत नाही. मोठी साथ आली आणि शाळा प्रदीर्घ काळ बंद ठेवल्या, तर एकूण रुग्णसंख्येत १३ ते १७ टक्क्यांची घट व्हावी, असा त्या अभ्यासकांचा अंदाज होता. ही घट क्षुल्लक म्हणता येणार नाही. पण ती साथ थांबवणारीही नाही. कुलूप लावताना हा दुसरा भाग फारसा कोणाच्या ध्यानी राहिला नाही.

आपल्याकडे त्याची पहिली चाचणी स्वाइन फ्लूच्या वेळी झाली. ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. देशातील तो त्या आजाराचा पहिला बळी. पुण्यातील शाळा बंद झाल्या, पाठोपाठ मुंबईतीलही झाल्या, आणि चित्रपटगृहेसुद्धा काही दिवस मिटली. त्याआधी जुलैमध्ये पाचगणीच्या एका निवासी शाळेत तोच आजार झपाट्याने पसरला होता. निवासी शाळेची गोष्ट निराळी असते, हे तेव्हाच दिसून आले होते. एकत्र निजणे, एकत्र जेवणे, एकच स्नानगृह. तेथे वर्ग सुटला तरी सहवास सुटत नाही. बारा वर्षांनी तेच पुन्हा घडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये वाशीम जिल्ह्यात रिसोड तालुक्यातील देगावच्या निवासी शाळेत २२९ विद्यार्थी कोरोनाबाधित आढळले. त्या बातमीने राज्यभरच्या पालकांच्या पोटात गोळा आला, आणि दिवसभर भरून सायंकाळी सुटणाऱ्या शाळाही त्याच तराजूत तोलल्या गेल्या.

कोरोनाचा विषाणू गोवर किंवा फ्लू यांच्याहून एका बाबतीत वेगळा निघाला. लहान मुलांना तो सहसा सौम्य होई. त्याचा खरा मारा वृद्धांवर आणि आधीच आजारी असलेल्यांवर होता. त्यामुळे मूल आजारी पडेल का, या भीतीपेक्षा मूल घरी आजोबांसाठी काय घेऊन येईल, ही भीती मोठी होती. एकत्र कुटुंबांत ती अधिकच. दहा बाय बाराच्या खोलीत तीन पिढ्या राहत असतील, तर अंतर ठेवण्याचा सल्ला कागदावरच राहतो. म्हणून पालकांच्या त्या काळच्या घालमेलीला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. जगातूनही घाबरवणाऱ्या वार्ता येतच होत्या. त्यांतली जेरुसलेमची हकीकत सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण तिचा धडा आपल्या पावसाळ्याशी जोडलेला आहे.

इस्रायलने मे २०२० मध्ये शाळा पूर्ण क्षमतेने उघडल्या. लागलीच उष्णतेची लाट आली. मुलांना मास्क न लावण्याची तीन दिवस सवलत मिळाली आणि वर्गांतील वातानुकूलन यंत्रे अखंड चालू राहिली. प्रत्येक वर्गात ३५ ते ३८ मुले. शाळा उघडून दहा दिवस होतात न होतात तोच जेरुसलेमच्या एका माध्यमिक शाळेत रुग्ण सापडू लागले, आणि तपासण्या पूर्ण झाल्या तेव्हा १५३ विद्यार्थी व २५ कर्मचारी बाधित आढळले. त्याच वसंतात डेन्मार्कने धाकट्या मुलांच्या शाळा एप्रिलच्या मध्यासच उघडल्या होत्या. मुले लहान लहान गटांत, शक्य तेथे अंगणात बसवली, हात धुण्याचा पाठ रोज घेतला. तेथे शाळा उघडल्यामुळे साथ भडकली नाही. दोन्ही देशांत उघडली ती शाळाच. फरक दाटीचा होता, मुलांच्या वयाचा होता आणि हवेचा होता.

हवेचा मुद्दा आंबिवलीसारख्या ठिकाणी जून ते सप्टेंबर फार महत्त्वाचा. पावसाची झड आत येते म्हणून वर्गाच्या त्या बाजूच्या खिडक्या लावल्या जातात. वही भिजू नये म्हणून दुसऱ्याही लोटल्या जातात. दाराशी ओल्या चपला आणि रेनकोट यांचा ढीग पडतो म्हणून दार अर्धे ओढले जाते. वर छताचा पंखा फिरत असतो. तो बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच हवा ढवळतो. पन्नास मुलांनी सोडलेला श्वास तासन्‌तास तेथेच कोंडून राहतो. शाळा उघडणे आणि पाऊस सुरू होणे एकाच पंधरवड्यात येते, म्हणून दोष कोणाचा हे कळत नाही आणि तो सरसकट शाळेच्या माथी जातो. खिडकीवर बाहेरून पत्र्याची किंवा प्लास्टिकची पुढे आलेली झडप बसवणे, समोरासमोरची निदान एकेक खिडकी उघडी ठेवणे, दोन तासांच्या मध्ये दार सताड उघडणे, या गोष्टींना खर्च थोडा येतो. जंतुनाशकाच्या फवारणीवर त्या दोन वर्षांत ठिकठिकाणी जो पैसा ओतला गेला, त्याच्या अल्पांशात हे झाले असते. हवेतून पसरणारा आजार फरशी पुसून आवरत नाही.

आता २०२१ च्या त्या हिवाळ्याकडे वळावे. कल्याण-डोंबिवलीला तो चांगला स्मरणात असेल.

दुसरी लाट ओसरल्यावर ४ ऑक्टोबर २०२१ पासून शहरांत आठवी ते बारावीचे आणि ग्रामीण भागांत पाचवी ते बारावीचे वर्ग सुरू झाले. प्राथमिकची मुले अजून घरीच होती. १ डिसेंबरपासून शहरांतही पहिलीपासूनचे वर्ग भरवण्यास राज्याने अनुमती दिली. म्हणजे मार्च २०२० मध्ये बालवाडीत असलेले मूल शाळेचे तोंडही न पाहता दुसरीत पोचले होते. नेमक्या त्याच दिवसांत दक्षिण आफ्रिकेत ओमायक्रॉन हा नवा प्रकार सापडल्याची वार्ता आली. मुंबई महापालिकेने प्राथमिक शाळा १५ डिसेंबरपर्यंत लांबणीवर टाकल्या. आणि ४ डिसेंबरला महाराष्ट्रातील ओमायक्रॉनचा पहिला रुग्ण निश्चित झाला तो कल्याण-डोंबिवली महापालिकेच्याच हद्दीत, डोंबिवलीत. केपटाऊनहून दुबई आणि दिल्लीमार्गे आलेला तो प्रवासी होता. त्याच्या निकट संपर्कातील १२ आणि इतर २३ जणांची तपासणी झाली. त्यांत कोणीही बाधित निघाले नाही.

शाळेची पहिली घंटा आणि नव्या विषाणूची पहिली नोंद एकाच सप्ताहात, एकाच महापालिकेत आली. यापेक्षा अधिक अस्वस्थ करणारा योगायोग कोणता? महिन्याभरात लाट आलीच. मुंबईत ७ जानेवारी २०२२ रोजी एका दिवसात २०,९७१ रुग्ण नोंदले गेले. दुसऱ्या दिवशी राज्याने आदेश काढला आणि १० जानेवारीपासून १५ फेब्रुवारीपर्यंत शाळा पुन्हा बंद केल्या. त्यातला विरोधाभास असा, की १५ ते १८ वयाच्या मुलांचे लसीकरण देशभर ३ जानेवारीला सुरू झाले होते. ज्या वर्गांत ही मुले एकत्र सापडली असती, तेच वर्ग आठवड्याने रिकामे झाले.

पण लाट शाळांमुळे आली होती काय? घटनाक्रम तसे दर्शवत नाही. विषाणू विमानाने आला, मोठ्या माणसांतून पसरला आणि ज्या देशांत शाळांना नाताळची सुट्टी होती तेथेही त्याच वेगाने वाढला. पुढचा पुरावा तर समोरच घडला. शिक्षक, पालक आणि बालरोगतज्ज्ञ यांच्या आग्रहामुळे राज्याने आपला आदेश आवरता घेतला आणि २४ जानेवारीपासून, स्थानिक प्रशासनाच्या संमतीने, शाळा उघडण्यास मोकळीक दिली. मुंबईत तोवर रोजचे रुग्ण तीन हजारांच्या खाली आले होते. वर्ग भरले, आणि उतरती रेघ उतरतच राहिली. एक वर्षापूर्वीचा अनुभवही हेच सांगतो. जानेवारी २०२१ च्या अखेरीस राज्यात पाचवी ते आठवीचे वर्ग सुरू झाले, फेब्रुवारीत दुसरी लाट विदर्भातून उठली, आणि अनेकांनी दोहोंची सांगड घातली. परंतु मुंबईच्या शाळा तेव्हा बंदच होत्या, तरी लाट मुंबईवर आदळलीच.

बंद दारांआड मुले सुरक्षित होती, हाही समज टिकला नाही. मुंबई महापालिकेने एप्रिल ते जून २०२१ या काळात १८ वर्षांखालील मुलांच्या २,१७६ रक्तनमुन्यांची पाहणी केली, त्यांतील ५१.१८ टक्के मुलांच्या रक्तात कोरोनाविरोधी प्रतिद्रव्ये आढळली. वर्षभर ज्यांच्या शाळेचे फाटक उघडले नव्हते, त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांना संसर्ग होऊन गेला होता. तो त्यांच्या घरी पोचला मोठ्यांच्या पावलांनी. आंबिवलीसारख्या ठिकाणी हे समजणे अवघड नाही. एनआरसीचा कारखाना २००९ मध्ये बंद पडला. तेव्हापासून इथल्या बऱ्याच घरांची चूल लोकलवर पेटते. ज्यांची नोकरी अत्यावश्यक सेवेत होती ते निर्बंधांतही प्रवास करीत राहिले, उरलेल्यांनी अन्य वाटा शोधल्या, आणि कामावर गेलेला माणूस सायंकाळी घरी येतोच. जुलै २०२१ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष मांडताना शाळा उघडावयाच्या तर आधी प्राथमिक उघडाव्यात, असे सुचवले होते. महाराष्ट्रात क्रम उलटा लागला : उपाहारगृहे, दुकाने, मग थोरले वर्ग आणि सर्वांत शेवटी धाकटे. शहाण्या समाजाने हा क्रम लावावयास नको होता.

यात शिक्षकांची बाजू विसरता कामा नये. स्वीडनमध्ये २०२० च्या वसंतात थोरल्या विद्यार्थ्यांचे वर्ग घरून चालले आणि त्याखालचे वर्ग शाळेतच भरले. दोन्ही गटांची तुलना केल्यावर उघड्या शाळांतील शिक्षकांना संसर्गाचा धोका जवळपास दुप्पट आढळला. मुलांच्या आईवडिलांच्या बाबतीत ही वाढ अल्प होती. शाळा उघडण्याची किंमत असते, आणि ती प्रथम शिक्षक मोजतात. पन्नाशी उलटलेल्या, मधुमेह असलेल्या शिक्षिकेने हवेशीर वर्ग मागितला तर तो तिचा हक्क समजावा.

शाळा बंद ठेवण्याचीही किंमत होती. ती मात्र उशिरा कळली. ऑगस्ट २०२१ मध्ये पंधरा राज्यांतील सुमारे १,४०० गरीब घरांतील मुलांची पाहणी झाली. ग्रामीण मुलांपैकी अवघी ८ टक्के मुले नियमितपणे ऑनलाइन शिकत होती आणि ३७ टक्के मुले मुळीच शिकत नव्हती. हे नुकसान शिक्षणाचे. आरोग्याचे नुकसान त्याहून आडवाटेने आले. शाळा हे लस देण्याचे, जंताची गोळी देण्याचे, डोळे-दात-वजन तपासण्याचे ठिकाण आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेलाची मोहीम महाराष्ट्रात सुरू झाली तेव्हा ९ महिन्यांपासून १५ वर्षांखालील मुलांना लस द्यावयाची होती, आणि ती बव्हंशी शाळांतूनच शक्य झाली. कोरोनाच्या काळात तान्ह्या मुलांच्या लसीही चुकल्या. दवाखान्यात जाण्याची धास्ती होती आणि आरोग्यसेविका दुसऱ्याच कामाला जुंपल्या होत्या. २०२२ च्या शरदात गोवंडीत गोवर उसळला. मालेगावात आणि ठाणे जिल्ह्यातील भिवंडीतही तो पोचला. मुले दगावली. एका साथीपासून जपताना दुसरीसाठी वाट मोकळी राहिली होती.

तेव्हा जूनमध्ये दप्तर आणि वह्यांच्या सोबत लसीचे कार्डही काढून पाहावे. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी १६ ते २४ महिन्यांत. पाच-सहा वर्षांच्या वयात त्रिगुणीची वर्धक मात्रा. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची. २०२० ते २०२२ च्या दरम्यान जन्मलेल्या मुलांच्या कार्डावर रिकामी चौकट आढळण्याचा संभव अधिक. चुकलेली मात्रा उशिरा देता येते किंवा नाही, हे डॉक्टर किंवा महापालिकेचे आरोग्य केंद्र सांगू शकते.

पाण्याचे थोडक्यात. अनेक घरांत उकळलेले पाणी पिण्याचा नेम कटाक्षाने पाळला जातो. मुलाची बाटलीही तेच भरून दिली जाते. बाटली अकरा-बारा वाजता रिकामी होते आणि मग ती शाळेच्या नळावर भरते. शाळेच्या टाकीची सफाई शेवटची कधी झाली, हा प्रश्न पालकसभेत क्वचितच निघतो. जुलै २०२३ मध्ये पुण्याजवळ आळंदीत डोळे येण्याची साथ मुलांतच प्रथम दिसली. हात धुण्याच्या जागी साबण असता, आणि रुमाल ज्याचा त्याच्यापाशी राहिला असता, तर तिचा जोर कमी झाला असता.

सर्वांत परिणामकारक उपाय मात्र सर्वांत जुना आहे : आजारी मूल घरी ठेवणे. तापासाठी औषध न देता पूर्ण एक दिवस ताप आला नाही, तर पाठवावे. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस, गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस, जुलाबांत ते थांबल्यावर दोन दिवस मूल घरीच असावे. त्या दिवसांत ते पाठशाळेतही जाऊ नये, आणि चातुर्मासातील प्रवचनाला आजीच्या शेजारी बसवू नये. संसर्ग शाळेच्या फाटकाशी थांबत नाही.

हे ठाऊक नाही असे थोडेच आहे. तरीही सकाळी पॅरासिटामॉलचा चमचा पाजून मूल शाळेत धाडले जाते, दुपारी औषधाचा अंमल उतरतो आणि तोवर बाकावरच्या दोघांना प्रसाद मिळालेला असतो. याचे एक कारण शाळाच निर्माण करतात. वर्षभरात एकही दिवस न चुकवणाऱ्यास स्नेहसंमेलनात प्रशस्तिपत्र आणि टाळ्या मिळतात. त्या कागदासाठी मुले कणकणीत बसून राहतात. हे पारितोषिक बंद करणे कोणत्याही मुख्याध्यापकाच्या हाती आहे. दुसरे कारण अवघड. आई-वडील दोघेही पहाटेच्या लोकलने निघणार असतील, रजा म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडणे असेल, तर तापलेले मूल सांभाळणार कोण? संसर्गाच्या सगळ्या सूचना या घरापाशी येऊन अडतात. चाळीत किंवा सोसायटीत दोन-तीन कुटुंबांनी पाळी ठरवून घेतली, शाळेने आजारपणाच्या रजेसाठी डॉक्टरांची चिठ्ठी मागण्याचा आग्रह सोडला, आणि वर्गशिक्षिकेने त्या दिवसाचा गृहपाठ शेजारच्या मुलाबरोबर पाठवला, तर तो चमचा पाजण्याची गरज बऱ्याच घरांत पडणार नाही. जूनच्या पहिल्या पालकसभेत गणवेश आणि सहलीच्या शुल्काइतकाच वेळ या तीन गोष्टींना द्यावा.